राईडचा हिशेब आणि शाळेमागे उभ्या असलेल्या सायकली

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सायकल क्लब, सायकलिस्ट संघटना आणि ग्रुप यांचे अध्यक्ष, सचिव व खजिनदार

विषय : सामाजिक कारणांसाठी काढल्या जाणाऱ्या राईडचा जमाखर्च आणि शाळकरी मुलींच्या सायकलींची देखभाल

सप्रेम नमस्कार,

दसरा उलटला की आपला हंगाम सुरू होतो. पहाटेची हवा बोचरी होते, घाटातले रस्ते कोरडे पडतात आणि फेब्रुवारीपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक रविवार कुठल्या ना कुठल्या क्लबने आधीच धरून ठेवलेला असतो. यांतल्या बऱ्याच राईडच्या जाहिरातीत मार्ग आणि अंतर यांच्याही वर एक ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते : कर्करुग्णांसाठी, अनाथ मुलांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी. मी नाशिकमधील एका क्लबचा खजिनदार आहे आणि हे पत्र त्या ठळक ओळीबद्दल आहे. ती ओळ छापणाऱ्या आपणा सर्वांना माझी विनंती अशी आहे की, ज्यांच्या नावाने राईड निघते त्यांच्यापर्यंत काय पोहोचले हे कागदावर दाखवता येत असेल तरच ती ओळ छापावी. आणि जे पोहोचवायचे त्यात, सायकलवाल्यांना इतरांपेक्षा जे अधिक चांगले जमते त्याला, म्हणजे सायकल चालती ठेवण्याला, पहिला मान द्यावा.

केवळ आनंदासाठी सायकल चालवण्याला माझा काडीचाही विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळीपायी जितकी किलोमीटर कापली जातात तितकी दुसऱ्या कुठल्या कारणासाठी कापली जात असतील असे मला वाटत नाही, आणि त्या राईडला सामाजिक कारण कोणी विचारत नाही, विचारूही नये. तब्येत, मैत्री, घाट न उतरता चढून गेल्याचा अभिमान ही कारणे पुरेशी भक्कम आहेत. त्यांना कुबड्यांची गरज नाही. अडचण सुरू होते ती अशा राईडला दुसऱ्याच्या दुःखाचे नाव दिले जाते तेव्हा. ते नाव वाचून कोणी पाचशे रुपये अधिक देतो, एखादा फळवाला केळी फुकट पाठवतो, पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज जरा सहानुभूतीने पाहिला जातो आणि या सर्वांची अशी प्रामाणिक समजूत असते की त्या दुःखाचा भार आपल्याही हाताने थोडा हलका झाला.

यावर ‘जनजागृती हेही कामच आहे’ असे उत्तर हमखास मिळते, आणि काही वेळा ते खरेही असते. १९८५ च्या अखेरीस बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ अभियान काढले, तेव्हा तरुण सायकलींवरून काश्मीरपर्यंत गेले आणि पाठीच्या दुखण्यामुळे ज्यांना बसणेही शक्य नव्हते ते बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते. पंजाब तेव्हा धुमसत होता. अशा काळात वाटेतल्या गावांत थांबणे, मुक्काम करणे, लोकांशी बोलणे हेच त्या अभियानाचे काम होते आणि सायकल हे गावात शिरण्याचे साधन होते. आता आपल्या नेहमीच्या राईडकडे पाहावे. पहाटे साडेपाचला मोकळ्या रस्त्यावर पाऊणशे जण निघतात, पाठीवर अवयवदानाचा संदेश असतो, तीन तासांत सगळे परत येतात. वाटेत तो संदेश वाचणारे म्हणजे दूधवाले, फिरायला निघालेले काही ज्येष्ठ नागरिक आणि मागून येणारे आपलेच सभासद. अवयवदानाचा अर्ज एकाच्याही हाती पडला नाही, कोणाच्या घरात त्यावर दोन शब्द बोलले गेले नाहीत, तर जागृती झाली कोणाची, हा प्रश्न निदान आयोजकांनी तरी स्वतःला विचारावा.

खजिनदार असल्याने मला संदेशापेक्षा जमाखर्चाची भाषा अधिक समजते, म्हणून आता त्याकडे वळतो. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण ज्यांनी राईड भरवली आहे त्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत. समजा, नोंदणी शुल्क ८०० रुपये ठेवले आणि ४०० जणांनी नाव नोंदवले. जमा झाले ३ लाख २० हजार. जर्सीला माणशी ३५० रुपये गेले, पदकाला ९०, नाश्ता-पाण्याला १२०, मंडप, फ्लेक्स आणि ध्वनिक्षेपक यांचे माणशी ८०, रुग्णवाहिका, छायाचित्रकार आणि ड्रोन मिळून १००. उरले माणशी ६० रुपये, म्हणजे एकूण २४ हजार. समारोपाच्या वेळी व्यासपीठावर चार फूट लांबीचा फ्लेक्सचा धनादेश संस्थेच्या प्रतिनिधीच्या हाती दिला जातो, टाळ्या होतात आणि प्रत्येक स्वार आपण ८०० रुपये दिले असे मानून घरी जातो. यात कोणी पैसे खाल्ले असे मुळीच नाही. प्रत्येक खर्चाची पावती असते. तरीही ज्या कारणाने ३ लाख २० हजार गोळा झाले त्या कारणाच्या वाट्याला रुपयातले साडेसात पैसे आले, आणि ही गोष्ट आयोजकांपैकी एक-दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नसते.

यातला रुग्णवाहिकेचा खर्च कमी करा असे मी कधीही म्हणणार नाही. चौकाचौकांत उभे राहणारे स्वयंसेवक, मागून येणारी गाडी, प्रथमोपचाराची पेटी यांवर काटकसर करणारा क्लब राईड काढण्यास नालायक समजावा. माझा रोख जर्सी आणि पदकावर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशा जर्सींची चळत पडून आहे आणि पदके खिडकीच्या गजाला लटकलेली आहेत. ‘जर्सी-पदक नसेल तर लोक येत नाहीत’ ही सबब मी इतक्या बैठकांत ऐकली आहे की ती जवळजवळ नियमासारखी झाली आहे. मात्र ‘जर्सी हवी असेल तर वेगळे पैसे, नको असेल तर तेवढी रक्कम थेट कारणाला’ असा साधा पर्याय नोंदणीच्या अर्जात ठेवून पाहिल्याशिवाय हा नियम सिद्ध झाला असे कसे मानावे?

हा पेच दुसरीकडे कसा सोडवला गेला याचे एक ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार या तरुणाने १९८० मध्ये ३६ स्वारांना घेऊन ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाची राईड सुरू केली. त्याची आई कर्करोगाने गेली होती. पहिल्या वर्षी १०,२०० डॉलर जमले आणि ते बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला मिळाले. त्या एकाच संस्थेला या राईडने आजवर दिलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. त्या आकड्याने दडपून जाण्याचे कारण नाही; तिथली सुबत्ता वेगळी, देणग्यांची सवय वेगळी. आपल्याला उचलण्यासारखी आहे ती रचना. स्वाराने भरलेले नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांचे पैसे यांतून आयोजनाचा खर्च भागतो. त्याखेरीज प्रत्येक स्वार किमान एक ठरलेली रक्कम आप्तेष्ट, शेजारी आणि सहकारी यांच्याकडून जमवण्याचे वचन देतो, ती जमली नाही तर उरलेली स्वतःच्या खिशातून भरतो, आणि अशा रीतीने स्वारांनी जमवलेली रक्कम संस्थेकडे पूर्णच्या पूर्ण जाते. आयोजनाचा खर्च एका खिशातून आणि मदत दुसऱ्या खिशातून, हे दोन खिसे एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, एवढीच त्यातली युक्ती आहे.

आपल्याकडे हे जमण्यासारखे आहे. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करण्याच्या राईड, करणारे सभासद आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, वीस तासांत ३००, चाळीस तासांत ६००, हे अंतर कापताना रात्री ढाब्यावर खुर्चीतच डुलकी घेणारी ही माणसे घरच्यांच्या आणि कार्यालयातल्या लोकांच्या कौतुकाचा विषय असतात. त्या कौतुकाला किलोमीटरचा भाव लावता येईल. मावशीने किलोमीटरमागे पाच रुपये कबूल केले तर २०० किलोमीटरचे हजार झाले. सोसायटीतल्या दहा घरांनी एकेक रुपया धरला तर आणखी दोन हजार. कबूल करणाऱ्याने पैसे थेट संस्थेच्या खात्यावर पाठवावेत आणि स्वाराने फक्त त्याची नोंद क्लबला कळवावी. वर्गणी मागण्याची लाज आपल्या समाजाला कधीच नव्हती. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मुष्टिफंडाचे मूठ-मूठ धान्य निघाले, तिथे सायकलवाल्यांना आपल्या नात्यागोत्यात हात पसरण्याचा संकोच का वाटावा?

आता थोडे रूक्ष, पण टाळता न येणारे. राईडच्या जाहिरातीवर जो क्यूआर कोड असतो तो कोणाच्या खात्याचा आहे? अनेक ठिकाणी तो सचिवाच्या किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा असतो, कारण क्लब म्हणजे नोंदणी नसलेला मित्रांचा गट असतो आणि त्याच्या नावाने बँकेत खाते नसते. हेतू कितीही निर्मळ असला तरी लोकांचे धर्मादाय पैसे वैयक्तिक खात्यातून फिरवणे चूक आहे, आणि त्या व्यक्तीच्या दृष्टीने धोक्याचेही आहे. गणेशोत्सव मंडळे वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी काढतात; समाजकार्यासाठी पैसे गोळा करणारा सायकल क्लब या नियमांच्या बाहेर आहे असा समज करून घेण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयात जाऊन विचारणा करावी. देणगीवर मिळणाऱ्या, ‘८०-जी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राप्तिकर सवलतीबाबतही असाच गैरसमज पसरलेला आहे. तिची पावती त्या सवलतीसाठी नोंदलेली संस्थाच देऊ शकते, दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदारांना तर तिचा उपयोगच नाही. शिवाय नोंदणी शुल्काच्या बदल्यात जर्सी, पदक आणि नाश्ता मिळत असेल तर त्याला देणगी म्हणणे मुळातच ओढूनताणून आहे. या सगळ्या कटकटीतून सुटण्याचा मार्ग एकच दिसतो : देणगी क्लबच्या हातात येऊच द्यायची नाही. जाहिरातीवर संस्थेचाच कोड छापावा, पावती संस्थेनेच द्यावी आणि क्लबने फक्त आकडा जाहीर करावा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे दार ठोठावणाऱ्यांसाठी एक माहिती. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ मधील परिपत्रकात मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम या निधीच्या खर्चात धरता येणार नाहीत असे स्पष्ट केले होते, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी प्रसिद्धीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्वही त्यातून वगळले. तेव्हा एका रविवारच्या राईडसाठी कंपनीने पैसे दिले तर ते बहुधा जाहिरातीच्या खात्यातून येतात, आणि त्याबद्दल तिचे आभार प्रायोजक म्हणूनच मानावेत. वर्षभर चालणारे, शिक्षणाशी जोडलेले, नोंदणीकृत संस्थेमार्फत केलेले काम मात्र या निधीत बसू शकते. ते काम कोणते असावे, याकडे आता येतो. पत्राचा मुख्य भाग खरे तर इथून सुरू होतो.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुके आहेत. त्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अनुदान मिळते, ते अलीकडे पाच हजार रुपये झाले. त्याहून लांब राहणाऱ्या मुलींसाठी त्याच कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बस आहेत. अशा योजनेने काय होते, याचा चांगला अभ्यास बिहारमध्ये झाला आहे. तिथे २००६ पासून नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखवले की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेने ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली. परिणाम सर्वाधिक होता तो शाळा लांब असलेल्या गावांत. सायकलीने मुलींची पटसंख्या वाढते हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवेत, असे कोणी म्हणेल. पण सरकारी तिजोरीतून सायकली वाटण्याला नाके मुरडणाऱ्यांपुढे ठेवायला हे आकडे उपयोगी पडतात.

झांबियात पुढे असाच प्रयोग झाला, तिथे सायकल मिळालेल्या मुलींचा शाळेत पोहोचण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला आणि गैरहजेरी पाव हिश्श्याहून अधिक घटली. आपल्या दृष्टीने त्या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सायकली देणारी ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही संस्था नुसत्या सायकली देऊन थांबत नाही. ती स्थानिक मेकॅनिक तयार करते, सुट्या भागांची सोय लावते आणि शाळेत देखरेखीसाठी समिती नेमते. आपल्याकडे अनुदान मुलीच्या खात्यावर जमा झाले, सायकलीची पावती फाइलला लागली की सरकारी काम संपते. त्यापुढचे कोणाचेच नाही.

ते कोणाचेच नसते म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पेठ तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या मागच्या पडवीत डोकावावे. नाशिकहून सावळघाट उतरून पेठला सायकलने जाणारे आपल्यात अनेक आहेत; थांबायचे ते चहाच्या टपरीवर, शाळेवर कोणी थांबत नाही. अशा एका पडवीत मी पाहिलेल्या सायकलींपैकी एकीच्या क्रँकमधली, म्हणजे पायडलचा दांडा आसाला घट्ट धरून ठेवणारी, कॉटर पिन झिजून पडली होती आणि तिच्या जागी कोणीतरी जाड खिळा ठोकून वाकवून ठेवला होता. पायडल मारले की क्रँक हुलकावणी देऊन मगच पुढे जात असे. दुसरीच्या मागच्या ब्रेकचे रबर संपून पत्राच रिमला घासत होता, आणि ती सायकल चालवणाऱ्या मुलीच्या वाटेत उतार होता. तिसरीला खरे तर काहीच झाले नव्हते. व्हॉल्व्हमधली रबरी नळी कुजल्यामुळे चाकात हवा राहत नव्हती, एवढेच. ती नळी चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळते. पण ती मिळते तालुक्याच्या बाजारात, कारण गावातला सायकलवाला कधीच मोटारसायकलींकडे वळला आहे. नळीसाठी बाजाराला कोण जाणार? मुलीचा बाप मजुरीला गेलेला, मास्तरांकडे शंभर नोंदवह्या. सायकल दिवाळीपासून भिंतीला टेकलेली होती आणि तिची मालकीण पाड्यावरून पायी येत होती.

या तीन सायकलींना लागणारे सामान आपल्या एका जर्सीच्या किमतीत येते. मजुरी धरली तरी खर्च फार वाढत नाही, आणि मजुरीच्या जागी देण्यासारखे आपल्याकडे काही आहे, ते म्हणजे हात. चाकाला आलेला आउट, म्हणजे हेलकावा, काढणे, चेन जोडणे, हबमधले छर्रे धुऊन ग्रीस भरणे ही कामे आपले कितीतरी सभासद हौसेने करतात. रक्तपेढीला किंवा अनाथाश्रमाला आपण फार तर पैसे देऊ शकतो, आणि पैसे तर कोणीही देऊ शकतो. बंद पडलेली सायकल मात्र एखादा रोटरीचा वकील किंवा भजनी मंडळातले आजोबा दुरुस्त करू शकणार नाहीत. ते काम आपल्याच वाट्याला आलेले आहे.

दुरुस्तीसाठी शाळेत जाण्यापूर्वी एक सूचना. आपल्या जर्सीच्या मागच्या खिशातल्या मल्टिटूलमध्ये सगळ्या षटकोनी एलन चाव्या असतात आणि शाळेच्या सायकलीला असतात नट-बोल्ट. तिथे पाना लागतो, कॉटर पिन काढायला हातोडी आणि खाली टेकवायला लोखंडी नळीचा तुकडा लागतो. कार्बन फ्रेमवर वाढलेल्या पिढीला कॉटर पिन ठाऊकच नसेल, तर आधी शहरातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे दोन संध्याकाळी बसून शिकून यावे. शक्य झाल्यास त्या मिस्त्रीलाच सोबत न्यावे आणि त्याचा दिवसाचा रोज चुकता करावा. आपण सेवा म्हणून गेलो म्हणून त्यानेही फुकट राबावे, ही अपेक्षा ठेवू नये. काळ निवडावा तो दिवाळीनंतरचा एक आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर लगेचचा एक. पेठ-सुरगाण्याकडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना, तो चार महिन्यांत चेनचे आणि आऱ्यांचे काय करतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणून पावसाळ्यापूर्वी तेल-ग्रीस आणि पावसाळ्यानंतर तपासणी.

वर्षातून दोनदा जाऊनही मधल्या दहा महिन्यांतले पंक्चर निघणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी शाळेत एक पेटी ठेवावी लागेल : पाने, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, रबर सोल्यूशन, ठिगळे, व्हॉल्व्हच्या नळ्या, दोन-चार ट्यूबा, ब्रेकची रबरे. आणि ती पेटी वापरायला मुलींनाच शिकवावे लागेल. पंक्चर काढणे हे मुलांचे काम, असे मुलींना आणि त्याहून अधिक त्यांच्या शिक्षकांना वाटत असते. आपल्या क्लबांतल्या स्त्री सभासदांनी हे शिकवायला पुढे यावे असे मला मनापासून वाटते. नववीतल्या दोघींना ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या परातीत बुडबुडे शोधायला एकदा जमले की पुढच्या वर्षी त्या आठवीतल्यांना शिकवतात. पेटीतले सामान संपले की शाळेने कळवावे आणि क्लबने भरून द्यावे, एवढा करार पुरे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले, मुलींची छायाचित्रे. दुरुस्ती शिबिराच्या दिवशी पन्नास भ्रमणध्वनी बाहेर निघतात आणि संध्याकाळपर्यंत अल्पवयीन मुलींचे चेहरे, शाळेच्या नावासकट, सर्वदूर पसरतात. मुख्याध्यापक आणि पालक यांच्या लेखी संमतीवाचून एकही चेहरा बाहेर जाऊ नये. दुरुस्त झालेल्या सायकलीचे छायाचित्र पुरावा म्हणून पुरेसे आहे. दुसरे, गर्दी. लाखमोलाच्या सायकलींवरून घट्ट कपड्यांतली साठ माणसे एखाद्या पाड्यावरच्या शाळेत उतरली तर दुरुस्ती बाजूला राहते आणि जत्रा होते. काम करणारे दहा जण जावेत, साध्या कपड्यांत जावेत, आणि जाण्यापूर्वी शाळेला काय हवे आहे ते विचारून घ्यावे. कदाचित तिथे सायकली ठीक असतील आणि त्यांच्यावर छप्पर नसेल. मग दुरुस्तीच्या पैशांतून पत्र्याची शेड उभारावी.

‘आम्ही हौशी माणसे, स्वयंसेवी संस्था नव्हे’ हा आक्षेप मला ऐकू येतो आहे. तो रास्त आहे, आणि म्हणूनच मी क्लबांना संस्था काढायला सांगत नाही. नोंदणी, लेखापरीक्षण, विवरणपत्रे यांचा व्याप सांभाळणे नोकरी-धंदा करणाऱ्यांना झेपत नाही. ते काम आधीच करणाऱ्या शिक्षणसंस्थेशी किंवा विश्वस्त संस्थेशी जोडून घ्यावे. दुसरा आक्षेप असा की, एकाच कामाला धरून राहिलो तर सभासद कंटाळतात, दरवर्षी नवा विषय हवा. सभासदांच्या विरंगुळ्यासाठी नवे मार्ग शोधावेत, नवे घाट शोधावेत. गरजूंच्या यादीत दरवर्षी फेरबदल करण्याचे ते कारण होऊ शकत नाही. पॅन-मास चॅलेंज चार दशकांहून अधिक काळ एकाच संस्थेसाठी चालली, म्हणून ती संस्था त्या पैशांच्या भरवशावर संशोधनाची आखणी करू शकते. आपल्या २४ हजारांच्या भरवशावर कोणतीही संस्था काहीच आखू शकत नाही, कारण पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे तिला ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही नसते.

तेव्हा येत्या हंगामापुरत्या तीन गोष्टी आपणाकडे मागतो. नोंदणीच्या अर्जावरच शुल्कातले किती रुपये आयोजनाला आणि किती कारणाला जाणार हे छापावे. राईडनंतर महिनाभरात एका पानाचा जमाखर्च, संस्थेच्या पावतीसह, सभासदांना आणि देणगीदारांना मिळावा. तो देता येत नसेल तर पुढच्या राईडवरून कारणाची ओळ काढून टाकावी, राईड खुशाल काढावी. आणि प्रत्येक क्लबने आपल्या नेहमीच्या मार्गावरची एक शाळा निवडून तिथल्या मुख्याध्यापकांना, सायकल मिळालेल्या मुली किती आणि त्यांतल्या आज सायकलने येणाऱ्या किती, एवढे दोनच आकडे विचारावेत. त्या दोन आकड्यांतला फरक हेच त्या क्लबचे वर्षभराचे काम.

आमच्या क्लबचा जमाखर्च कोणत्याही क्लबच्या पदाधिकाऱ्याला मागताक्षणी दाखवला जाईल. त्यात जर्सीचाही खर्च आहे आणि त्यावर टीका करण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या शाळा नाशिकच्या क्लबांनी आपसांत वाटून घ्याव्यात, म्हणजे एकाच शाळेवर तीन शिबिरे आणि दहा शाळांवर शून्य असे होणार नाही. त्यासाठी डिसेंबरपूर्वी एक बैठक घ्यावी असे सुचवतो. जागा कोणत्याही क्लबने ठरवावी, आम्ही येऊ; येताना प्रत्येकाने गेल्या हंगामातल्या आपल्या राईडचा हिशेब सोबत आणावा.

कळावे, लोभ असावा.

आपला स्नेहांकित,
नाशिकमधील एका सायकल क्लबचा खजिनदार